वटलेली हुंडी आणि न वटलेली नोट

कागदाला मोल कोण देते, हा अर्थशास्त्रातला जुना प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर दोन ओळींत मिळते. शासनाची सत्ता आणि लोकांचा विश्वास, असे विद्यार्थी लिहितो व गुण मिळवतो. पण ज्या शासनाची सत्ता दीड-दोन वर्षांत संपुष्टात आली, त्याच्या कागदाचे काय होते? त्या कागदावरचे वचन कोणी पाळायचे? आणि कोणीच पाळले नाही, तर पाऊणशे वर्षांनी तो कागद हजारो रुपये मोजून विकत घेणारा संग्राहक नेमके काय विकत घेत असतो? आजच्या लेखात या प्रश्नांचा विचार आझाद हिंद सरकारच्या कागदी चलनाच्या निमित्ताने करावयाचा आहे, आणि तो वाराणसीहून करावयाचा आहे. या दोहोंचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. तो संबंध वरवरचा नाही, हे पुढे लक्षात येईल.

प्रथम काशीच्या कागदाविषयी. सरकारी नोट येण्यापूर्वी कितीतरी आधी काशीत कागदावर पैसा चालत असे. पुण्याहून किंवा नागपुराहून निघालेला यात्रेकरू वाटेतल्या चोराचिलटांच्या भयाने रोकड जवळ बाळगत नसे. तो आपल्या गावच्या सावकाराकडे रक्कम भरून काशीच्या पेढीवरची हुंडी घेई. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीला ठरलेल्या दिवसापर्यंत थांबावे लागे. हुंडी गहाळ झाल्यास तिची ‘पैठ’ मिळे, तीही हरवल्यास ‘परपैठ’. पैसे चुकते झाले की ती हुंडी रद्द होई आणि अशा वटलेल्या हुंडीला व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘खोखा’ म्हणत. या सर्व व्यवहारामागे कोणत्याही राज्याचा कायदा उभा नव्हता. उभी होती ती पेढीची पत. मराठ्यांचे राज्य बुडाले, काशीच्या राजाचे अधिकार आटले, तरी हुंड्या वटत राहिल्या. कारण वचन देणारी पेढी आणि वचन घेणारे राज्य यांची आयुष्ये एकमेकांना बांधलेली नव्हती.

सरकारी नोट आली ती १८६१च्या कागदी चलन कायद्याने. १८५७च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीची व्यवस्था लावण्यासाठी जेम्स विल्सन या अर्थसदस्यास इंग्लंडहून पाठवण्यात आले. कागदी चलनाची योजना त्यांनी मांडली. मात्र कायदा होण्यापूर्वीच, ऑगस्ट १८६० मध्ये, त्यांचा कलकत्त्यात मृत्यू झाला. कायद्यातली खबरदारी पाहण्यासारखी आहे. सरकारी रोख्यांच्या आधारावर चार कोटी रुपयांपर्यंतच नोटा काढता येत. त्यापलीकडच्या प्रत्येक नोटेमागे नाणे वा धातू राखून ठेवावा लागे. शिवाय देशाची चलन-मंडळे पाडलेली होती. ज्या मंडळाची नोट, त्याच मंडळात ती कायदेशीर. मुंबई मंडळाची नोट घेऊन काशीस आलेल्या यात्रेकरूला तेथे ती घेण्याची सक्ती कोणावरही करता येत नसे, कारण काशी अलाहाबाद मंडळाखाली होती. म्हणजे जी सोय हुंडीने शंभर वर्षांपूर्वी करून दिली होती, ती साम्राज्याच्या नोटेला काही दशके साधली नाही. पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू झाली, दहा व पन्नासची १९१० मध्ये आणि शंभरची १९११ मध्ये. त्या काळी मोठ्या रकमेची नोट टपालाने पाठवताना तिचे दोन तुकडे करून वेगवेगळ्या लखोट्यांतून पाठवत. दोन्ही अर्धुके पोचल्यावर ती जोडून वटवली जाई. अशा जोडलेल्या नोटा आजही संग्राहकांकडे दिसतात.

आता मूळ विषयाकडे येऊ. आझाद हिंदच्या तात्पुरत्या सरकारचे, म्हणजे ‘आर्जी हुकूमत’चे, मूळ शोधत गेल्यास एक धागा काशीपर्यंत येतो. रासबिहारी बोस १९१४-१५ मध्ये काशीत राहून उत्तर हिंदुस्थानातील लष्करी उठावाची आखणी करीत होते. शचींद्रनाथ संन्याल हे काशीचेच. अमेरिकेहून परतलेला एक मराठी तरुण त्यांना येऊन मिळाला, तो म्हणजे पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळे. मार्च १९१५ मध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत तो बाँबसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी, कर्तारसिंग सराभा याच्याबरोबर, लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. रासबिहारी मात्र निसटून जपानला पोचले. याच रासबिहारींनी ४ जुलै १९४३ रोजी सिंगापुरात पूर्व आशियातील चळवळीची सूत्रे सुभाषबाबूंच्या हाती दिली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २१ ऑक्टोबर १९४३ रोजी, सिंगापूरच्या कॅथे चित्रपटगृहात तात्पुरत्या सरकारची घोषणा झाली.

त्या सरकारच्या मंत्रिमंडळात लेफ्टनंट कर्नल ए. सी. चटर्जी यांच्याकडे अर्थखाते होते. लष्कराचे प्रतिनिधी म्हणून ज्यांची नावे होती, त्यांत सावंतवाडीकडील तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले हेही होते. जपान, जर्मनी व त्यांच्या मित्रपक्षांपैकी एकूण नऊ राज्यांनी या सरकारला मान्यता दिली. अंदमान-निकोबार बेटे त्याच्याकडे नाममात्र सुपूर्द झाली. ब्रह्मदेशातील झियावाडी ही सुमारे पन्नास चौरस मैलांची वसाहत त्याच्या प्रत्यक्ष कारभाराखाली होती. जानेवारी १९४४ मध्ये राजधानी रंगूनला हलली आणि एप्रिल १९४४ मध्ये तेथे आझाद हिंद बँक उघडली.

प्रशासनात काम करणाऱ्याला येथे थांबावेसे वाटते. युद्ध दाराशी आले आहे, फौज आराकान व इंफाळच्या मार्गावर आहे, औषधांचा तुटवडा आहे, आणि अशा वेळी हे सरकार बँक काढते! हा दिखाऊपणा होता काय? मला तसे वाटत नाही. सरकारचा खर्च मुख्यत्वे मलाया व ब्रह्मदेशातील हिंदी लोकांच्या देणग्यांतून भागवला जात होता. व्यापाऱ्यांनी रोकड दिली, मळ्यांवरच्या मजुरांनी मजुरीतला वाटा दिला, बायकांनी अंगावरचे सोने उतरवून दिले. रंगूनचे व्यापारी हबीब यांनी १९४४ मध्ये आपली सुमारे एक कोटीची सर्व मालमत्ता देऊन टाकली व त्यांना ‘सेवक-ए-हिंद’ हे पदक देण्यात आले. एवढा पैसा व्यक्तींच्या हातून गेला असता, तर चळवळीची अब्रू महिन्याभरात गेली असती. देणगीची पावती, पावतीची नोंद, नोंदीवर हिशेब आणि हिशेबावर तपासणी ही साखळी उभी करण्यासाठी बँक हवी होती. नोटा छापण्याची हौस हे त्यामागचे पहिले कारण नव्हते.

बाजारात चालणारे चलन वेगळेच होते. ब्रह्मदेशात १९४२ नंतर जपानी सैन्याने आपल्या नोटा आणल्या होत्या. रुपयांतल्याच, पण जपानी सरकारच्या नावाने. संग्राहकाला या नोटा आजही अत्यल्प किमतीत मिळतात, कारण त्या अमाप छापल्या गेल्या. त्यांतील बहुतेकांवर अनुक्रमांकच नाही. केवळ ब्रह्मदेश दाखवणारे ‘बी’ आणि त्यापुढील गटाचे अक्षर. अनुक्रमांक नसलेली नोट म्हणजे काय, हे कोषागारात चार दिवस काढलेला कारकूनही सांगेल. ज्याला किती छापले हे मोजायचे नाही, तो आकडा घालत नाही. परिणाम ठरलेलाच होता. भाव गगनाला भिडले. मे १९४५ मध्ये ब्रिटिश लष्करी प्रशासन परत येताच त्यांनी हे जपानी चलन रद्दबातल ठरवले. त्याऐवजी हिंदुस्थानच्या नोटांवर ‘ब्रह्मदेशाचे लष्करी प्रशासन’ असा इंग्रजी शिक्का मारून त्या चालवल्या. ज्यांची आयुष्याची पुंजी जपानी नोटांत होती, त्यांच्या हाती रद्दी उरली.

म्हणून आझाद हिंदच्या देणग्यांचे आकडे वाचताना विवेक ठेवला पाहिजे. लाल किल्ल्यातील खटल्यात बचावपक्षाचे वकील भुलाभाई देसाई यांनी या सरकारला वीस कोटींहून अधिक रुपयांच्या देणग्या मिळाल्याचे न्यायालयापुढे मांडले. त्यातील जो भाग जपानी नोटांत होता, त्याची क्रयशक्ती युद्धपूर्व रुपयाच्या मानाने फार थोडी होती. परंतु सोन्याला महागाई लागू होत नाही, आणि देणाऱ्याच्या त्यागाला तर मुळीच नाही.

या खटल्यातच बँकेचे खरे महत्त्व उघड झाले. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल व गुरबक्षसिंग धिल्लाँ यांच्यावर ५ नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झालेल्या खटल्यात मुख्य आरोप सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा होता. भुलाभाईंचा युक्तिवाद असा की, आरोपी हे बंडखोर टोळीचे सदस्य नव्हते. ते एका रीतसर स्थापन झालेल्या सरकारच्या सैन्याचे अधिकारी होते, आणि अशा सरकारला युद्ध पुकारण्याचा अधिकार असतो. मग सरकार होते हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी मान्यता देणाऱ्या राज्यांची यादी, मंत्रिमंडळ, ताब्यातला प्रदेश, सैन्याचा कायदा आणि बँक, अशा एकेक गोष्टी पुढे आल्या. बँकेचे संचालक दीनानाथ यांची साक्ष बचावपक्षाने घेतली ती याकरिताच. एरवी रुक्ष वाटणारे जमाखर्चाचे पुस्तक तेथे तीन माणसांच्या गळ्याभोवतीचा फास सैल करण्यासाठी उभे होते. न्यायालयाने त्यांना दोषी धरले. पण ३ जानेवारी १९४६ रोजी सरसेनापती ऑकिन्लेक यांनी जन्मठेपेची शिक्षा माफ केली. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १२ जानेवारी १९४६ रोजी, ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने वटहुकूम काढून आपल्याच पाचशे, हजार व दहा हजारांच्या नोटा चलनातून काढल्या. काळ्या पैशाला आळा घालणे हा हेतू होता. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही. परंतु जी सत्ता आझाद हिंदचा कागद बेकायदा मानत होती, तिचाही कागद एका रात्रीत निरर्थक होऊ शकतो, एवढे त्यावरून दिसते.

काशीच्या शेजारचे आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. ऑगस्ट १९४२ मध्ये तेव्हाच्या बनारस विभागातील बलिया जिल्ह्यात चित्तू पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी काही दिवस स्वतःचे सरकार चालवले. त्याने नोटा छापल्या नाहीत. तेवढा अवधीच मिळाला नाही. उलट, जमाव कोषागार लुटील या भीतीने सरकारी अधिकाऱ्यांनीच तेथील नोटा जाळल्या. सत्ता डळमळू लागताच सत्ताधाऱ्याने प्रथम आपलाच कागद अग्नीला द्यावा, यातच नोटेचे मर्म आहे. जळालेल्या कागदाची नोंद असेल तर तो पुन्हा छापता येतो. दुसऱ्याच्या हाती पडलेला कागद मात्र त्याची खरेदीशक्ती बनतो.

अल्पायुषी राज्यांच्या नोटांचे पुढे काय होते, याचे जगात तीन-चार नमुने आहेत. टेक्सासचे प्रजासत्ताक १८३६ ते १८४५ एवढेच टिकले. त्याच्या १८३९च्या ‘रेडबॅक’ नावाच्या नोटा पाहता पाहता डॉलरमागे काही सेंटांवर घसरल्या. पण टेक्सास अमेरिकेत विलीन झाले आणि १८५०च्या तडजोडीत अमेरिकेने सीमावादाच्या बदल्यात त्याला एक कोटी डॉलरचे रोखे दिले. त्यातून जुन्या कर्जाची फेड झाली. येथे वारसाने ऋण मानले. याउलट अमेरिकी यादवीत हरलेल्या दक्षिणी राज्यसंघाचे सारे कर्ज १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कायमचे अवैध ठरवले; ते फेडण्याचीच बंदी झाली. बियाफ्राचे प्रजासत्ताक जानेवारी १९७० मध्ये संपल्यावर नायजेरियाने तेथील बँक-खातेदारांना शिल्लक कितीही असो, सरसकट वीस पौंड दिले. ऋण मानले, झिडकारले, किंवा तोंडाला पाने पुसली, असे हे तीन प्रकार.

आझाद हिंदची गत यांपैकी कोणत्याही प्रकारात बसत नाही. स्वतंत्र भारताने त्या सैनिकांचा गौरव केला, त्यांचे घोषवाक्य आपले मानले.  देणगी हे कर्ज नसल्यामुळे ते फेडण्याचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या उद्‌भवतही नाही. आणि येथेच संग्राहकाने सावध होण्याची जागा आहे.

आझाद हिंद बँकेच्या नावाचे कागद आज लिलावांत, इंटरनेटवर आणि वाराणसीतल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडेही दाखवले जातात. सर्वांत मोठे आकर्षण लाख रुपयांच्या ‘नोटे’चे. त्यांतील बरेचसे कागद एकाच बाजूस छापलेले असतात. पण ब्रह्मदेश व मलायातील रोजचा व्यवहार जपानी नोटांवर चालत होता. भाजीवाल्याला लाखाची नोट कोणी देत नसतो. हे कागद देणगीचे स्मरणपत्र किंवा पावती या स्वरूपाचे असणेच अधिक संभवते, आणि त्यांना चलन म्हणून विकणे हीच पहिली फसवणूक आहे. दुसरी फसवणूक अलीकडे छापलेल्या प्रतींची. तिच्यासाठी काही साध्या कसोट्या आहेत. कागद पांढरा करणारी चमकद्रव्ये कागदनिर्मितीत सर्रास आली ती १९५०च्या सुमारास; म्हणून अतिनील दिव्याखाली निळसर चकाकणारा कागद १९४४ चा आहे, या दाव्यावर विश्वास ठेवू नये. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छायाचित्रावरून केलेली नक्कल समजावी. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद सगळीकडे सारखा पिवळा होतो. वयाने पिवळा पडलेला कागद कडांना व घड्यांना अधिक पिवळा असतो. आणि शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची: हा कागद कोणाच्या घरातून, कोणत्या पत्रांच्या वा छायाचित्रांच्या सोबतीने आला? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर बाकीच्या कसोट्यांना फारसा अर्थ राहत नाही.

ही शिस्त काशीत शिकावी अशी परंपराही येथे आहे. १९१० मध्ये अलाहाबादेत स्थापन झालेल्या भारतीय नाणकशास्त्र परिषदेचे कार्यालय बनारस हिंदू विद्यापीठात आहे, आणि तिच्या कार्याशी डॉ. अनंत सदाशिव अळतेकर या कोल्हापूरकडील मराठी विद्वानाचे नाव निगडित आहे. ते या विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक होते. भरतपूरजवळ बयाना येथे १९४६ मध्ये सापडलेल्या गुप्तकालीन सुवर्णनाण्यांच्या साठ्याची त्यांनी केलेली सूची या परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. अठराशेहून अधिक नाण्यांपैकी प्रत्येकाचे वजन, आकार, लेख नोंदलेला. गुप्तांचे साम्राज्य संपून दीड हजार वर्षे झाली, पण त्या नाण्यातले सोने आजही सोनेच आहे. नाणे स्वतःच स्वतःचा पुरावा असते. कागदाचे तसे नाही. त्याचा पुरावा त्याच्याभोवतीच्या नोंदींत असतो. म्हणूनच कागदाच्या संग्राहकाने अळतेकरांहून दुप्पट नोंदी ठेवायला हव्यात.

परदेशस्थ वाचकांसाठी कायद्याची एक बाब सांगून ठेवतो. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये सामान्यतः शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. मात्र ऐतिहासिक मोल असलेले हस्तलिखित, अभिलेख वा दस्तऐवज असल्यास ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. १९४४ च्या कागदाने ती २०१९ मध्ये ओलांडली. असा दस्तऐवज खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा सुट्टीत भारतात येऊन ‘नेताजींची नोट’ घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे: ती बनावट असेल तर पैसे वाया, आणि अस्सल असेल तर विमानतळावर अडचण. संग्राहकाच्या हेतूला आपला कायदा अगदीच अनोळखी नाही. २०१६ च्या नोटाबंदीनंतरच्या २०१७ च्या अधिनियमात रद्द नोटा दहापर्यंत बाळगण्याची मुभा आहे आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र या कारणांसाठी पंचवीसपर्यंत. पण हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्याची.

सिंगापूर, मलेशिया किंवा म्यानमारशी ज्यांच्या घरांचा जुना संबंध आहे, अशांना माझी विनंती वेगळी आहे. आजीच्या पेटीत देणगीची साधी पावती असेल, त्यावर पाच-दहा डॉलरची रक्कम आणि कोणा अनोळखी कारकुनाची सही असेल, तर तिला लाखाच्या नोटेपेक्षा मोलाची माना. तिच्यावरचे नाव, गाव, तारीख उतरवून घ्या. घरात जे सांगितले जाते ते लिहून तिच्यासोबत ठेवा. सिंगापूरच्या समुद्रकिनारी १९४५ मध्ये उभारलेले आझाद हिंद सेनेचे स्मारक माउंटबॅटन यांच्या आदेशाने पाडण्यात आले. त्या जागी खूण म्हणून फलक लागायला १९९५ उजाडले. दगडाचे स्मारक सुरुंगाने जाते. घरोघरी विखुरलेल्या पावत्या मात्र कोणत्याही सेनापतीला एका दिवसात नष्ट करता आल्या नसत्या.

काशीच्या पेढ्यांत हुंडी वटली की तिचा खोखा होई व तो जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात जाई. वचन पुरे झाले, कागदाचे काम संपले. संग्राहकाच्या हाती येणारी प्रत्येक नोट याच्या उलट असते. ती वटलेली नसते, म्हणूनच ती उरलेली असते. आझाद हिंदच्या पावतीची गोष्ट याहूनही वेगळी आहे. तिच्यावर देणाऱ्याने काही परत मागितलेलेच नव्हते. त्यामुळे ती वटवायची कोणत्या खिडकीवर, हा प्रश्न निरर्थक ठरतो. ज्या मजुराने आपली आठवड्याची कमाई देऊन ती घेतली, त्याच्यापुरती ती पंधरा ऑगस्ट १९४७ रोजी वटली असे म्हणता येईल. अर्थशास्त्रात या व्यवहाराला नाव नाही. प्रशासनात मात्र आहे. जनतेने दिलेल्या पैशाची लेखी पोच देणे, हे शासनाचे पहिले कर्तव्य होय. आणि पायाखाली जमीन नसतानाही त्या अल्पायुषी सरकारने ते पाळले, याची साक्ष तो कागद आजही देतो.